पान एकवीसचं शुद्धिपत्र

आर्वी
२ जुलै २०२४, मंगळवार

छायाताई,

नमस्कार. आधी वर 'आदरणीय' लिहिलं होतं, मग दुसरा कागद घेतला. इतकं लांबचं लिहिलं तर तुम्ही पत्र न उघडता खिडकीत ठेवून द्याल असं वाटलं.

तुमचा फोन लागत नाही. गिरडला टेकडीमुळे नेटवर्क नसेल अशी मी मनाची समजूत घातली होती. पण तुमच्या बहिणीचा, सुलोचनाबाईंचा फोन त्याच घरातून पहिल्या रिंगला लागतो. त्या म्हणाल्या, ताई देवळात गेली आहे. मी तीन वेगवेगळ्या दिवशी फोन केला आणि तिन्ही वेळा तुम्ही देवळातच होतात. एवढी भक्ती मी वर्षभरात तुमच्याकडून पाहिली नाही, म्हणून आता पत्र लिहिते आहे.

वाचनालय ठीक आहे. मागच्या खोलीतली गळती थांबली. दिवाळी अंकांचं कपाट खिडकीपासून हलवलं, तुम्ही सांगितलं होतं तसं. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं की जूनपासून महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी येईन, पुस्तकांची जुनी दाखल नोंदवही तुला समजावून देईन, असं तुम्ही मार्चमध्ये निवृत्त होताना म्हणाला होतात. सुलोचनाबाई आता चालायला लागल्या, हे त्यांनीच सांगितलं. आज तिसरा मंगळवार गेला. तिन्ही मंगळवारी मी दोन चहा मागवले आणि दोन्ही मीच प्यायले.

आता मुद्द्याचं लिहिते. तो लेख.

ताई, ब्लॉग लिही असं आम्हाला बी.लिब.ला सरांनी सांगितलं होतं. नव्या ग्रंथपालाने रोज काय शिकलो ते चार लोकांसमोर मांडावं, म्हणजे आपल्याला काय येत नाही ते लवकर कळतं, असं त्यांचं म्हणणं. वर्गातल्या बावीस जणांनी ब्लॉग सुरू केले. आज दोनच चालू आहेत, माझा आणि सिंदी मेघेच्या मेघाचा. माझा चालू राहिला तो तुमच्यामुळे, कारण दुपारी दोन ते तीन वाचनालयाचा कॉम्प्युटर तुम्हीच मला दिलात. कसर लागलेल्या पुस्तकांना काय करायचं, 'ते लाल कव्हरचं पुस्तक द्या' म्हणणाऱ्याला काय द्यायचं, हे सगळं तुमच्याकडून शिकून मी लिहिलं. तेहेतीस लेखांत तुम्ही मला एका शब्दाने अडवलं नाहीत.

चौतिसावा लेख 'खोडरबरचे सत्तर दिवस'. त्यात मी काय चुकीचं लिहिलं? एप्रिलपासून मी एक हजार एकशे चाळीस पुस्तकं साफ केली. आपल्याकडच्या पुस्तकांवर पेन्सिलीच्या खुणा किती होत्या ते तुम्हाला ठाऊक आहे. मऊ खोडरबर घेऊन, पान न चुरगळता, आतून बाहेर, अगदी शिकवलं तसं केलं. आधीचे आणि नंतरचे फोटो टाकले. चार हजारांवर लोकांनी तो लेख वाचला. नंदुरबारच्या एका ग्रंथपाल बाईंनी लिहिलं की आम्हीही हे करणार. नागपूरला सप्टेंबरच्या शेवटी तरुण ग्रंथपालांचं चर्चासत्र आहे, तिथे हाच लेख मांडायला मला बोलावलंय. ग्रंथपाल म्हणून माझी नेमणूक एप्रिलपासून वर्षाचीच आहे, असं काही हातून झालं तर तुला कायम करा म्हणायला मला तोंड राहील, असं वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले.

बावन्न प्रतिक्रिया आल्या. बावन्नावी तुमची. 'वाचलं.' एवढा एकच शब्द होता. त्याच दिवशी तुम्ही ग्रंथपालांच्या ग्रुपमधून बाहेर पडलात.

'याआधीच्या व्यवस्थेत वाचकांना पुस्तकं शाळेच्या बाकासारखी वापरू दिली गेली' हे वाक्य तुम्हाला लागलं असेल. पण मी नाव कुठे घेतलं होतं? तरी लागलं असेल तर सांगा, मी वाक्य बदलेन. एका वाक्यासाठी इतकं रागवायचं नसतं ताई.

या महिन्याच्या तिसऱ्या मंगळवारी चहा मागवते.

तुमची
आकांक्षा


२ ऑगस्ट

छायाताई,

तुमचं उत्तर नाही. ठीक आहे. पण आज जे झालं ते तुम्हाला नाही सांगितलं तर कोणाला सांगू?

रूपरावजी आले होते. एसटी डेपोतून चालक म्हणून निवृत्त झालेले आपले रूपरावजी, दिवसाला एक पुस्तक संपवणारे. सकाळी दहाला एक रहस्यकथा घेऊन गेले आणि अकराला परत घेऊन आले. वाचलेली आहे म्हणाले. मी दुसरी दिली. तीही दुपारी परत आली. गेल्या महिन्यात असं सात-आठ वेळा झालं होतं आणि मी मनात म्हणत होते, वय झालं, विसरतात. तुम्हाला सांगते, मी तर 'वृद्ध वाचक आणि स्मरणशक्ती' या विषयावर ब्लॉगसाठी टिपणंही काढायला घेतली होती. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणं म्हणतात ते हेच.

तिसऱ्या खेपेला त्यांनी पुस्तक टेबलावर आपटलं नाही, हळूच ठेवलं. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

"पोरी," ते म्हणाले, "माह्यं शिंग कुठी गेलं?"

मला काही कळेना. त्यांनी पुस्तक उघडून एकविसावं पान काढलं आणि आपल्या शिक्क्याशेजारच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"इथं मी शिंग काढत असतो. बैलाचं. पुस्तक हाती घेतलं का पयले एकवीस नंबर पाह्यतो. शिंग दिसलं का वाचेल आहे, ठेवून देतो. आता तू शिंगच पुसून टाकलं तं मले कसं समजन? पुस्तकाचं नाव कोनाच्या ध्यानात राह्यते? सबन नावं सारखीच राह्यतात."

मग त्यांनी मला बाकीच्यांचं सांगितलं. रुख्मिणीबाई टिकलीएवढा गोल काढतात. बाजार समितीतले हिशेबनीस तराजूच्या काट्याचं चिन्ह काढतात. शकुबाई गोलाला शेपूट लावतात, कारण गोल रुख्मिणीबाईंनी आधीच घेतला होता. कोणती खूण कोणाची, यावरून एकदा भांडण झालं होतं आणि ते तुम्ही मिटवलं होतंत, हेही सांगितलं.

ताई, मला रुजू होऊन दुसरा दिवस होता. तुम्ही दार लोटून घेतलंत आणि हळू आवाजात म्हणालात, प्रत्येक वाचनालयाचं एक गुप्त पान असतं, आपलं एकविसावं. कोणी पहिलं पान फाडून पुस्तक लांबवलं तरी त्या पानावरच्या शिक्क्यावरून ते आपलं आहे हे सिद्ध करता येतं. हे कोणाला सांगायचं नाही. मी तर घरीही सांगितलं नव्हतं. आणि इथे सगळ्या आर्वीला ते पान तोंडपाठ! शिक्का दिसला, त्याच्या बाजूला कोरी जागा दिसली, लोकांनी ती आपली करून टाकली. तुम्ही थांबवलं नाहीत. उलट देवघेवीच्या टेबलाला दोऱ्याने पेन्सिल बांधून ठेवलीत, म्हणजे कोणी पेनाने लिहू नये. ती पेन्सिल एप्रिलमध्ये मीच काढून टाकली. मला वाटलं होतं, सह्यांसाठी असेल आणि चांगली दिसत नाही.

वर ते गुप्त पान फोटोसकट चार हजार लोकांना दाखवलं, हा आणखी एक पराक्रम.

हे तुम्ही मला आधी का सांगितलं नाहीत, असं विचारणार होते. पण मी विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. मी खोडरबर आणायच्या आधी एक फोन करायला हवा होता. तेव्हा तुमचा फोन लागत होता.

आज नवी पेन्सिल आणली आणि दोऱ्याने बांधली. रूपरावजी रोज दोन तास बसून आठवून आठवून शिंगं काढणार आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी एकोणचाळीस पुस्तकांवर काढली. त्यातली निदान दहा त्यांनी वाचलेली नाहीत, मी शपथेवर सांगते. पण मी काही बोलायच्या लायकीची राहिलेली नाही.

आकांक्षा


२३ ऑगस्ट

ताई,

आज रूपरावजींनी शिंग काढता काढता मान वर न करता विचारलं, "आनंदाबाईचं रोप बी खोडलं का वं?"

मी विचारलं, कोण आनंदाबाई?

"छायाबाईची माय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तुमच्या आईंना पन्नाशीपर्यंत अक्षरओळख नव्हती. तुम्ही नोकरीला लागलात आणि रोज संध्याकाळी कंदिलाशी बसून त्यांना वाचायला शिकवलंत. नंतर वीस वर्षं त्या शेतातून आल्या की पदराखाली पुस्तक घेऊन बसायच्या. लिहिणं मात्र त्यांना कधी जमलं नाही. सही म्हणून अंगठाच राहिला. आपल्या हाताने त्या एकच गोष्ट काढायच्या, पान एकवीसवर. मातीतून वर आलेलं कपाशीचं रोप, एक उभी रेघ आणि दोन पानं.

त्या गेल्यावर तुम्ही कधीकधी दुपारी कपाटापाशी उभ्या राहून पुस्तकं उघडून बघायचात. मी ते पाहिलंय ताई. मला वाटायचं तुम्ही कसर शोधताय. एकदा मी म्हणालेही, ताई बसा, मी बघते. तुम्ही हसून पुस्तक मिटलंत.

मी आठवायचा खूप प्रयत्न केला. ते रोप मी खोडलं आहे. एकदा नाही, पुष्कळदा. कपाशीसारखं काहीतरी आहे, छान काढलंय, असं एकदा मनात आलं होतं आणि तरीही मी खोडलं. त्यातल्या एकाचा फोटोही लेखात होता, 'आधी' म्हणून. तो तुम्ही पाहिलात. आणि त्याच्या शेजारी 'नंतर' होता.

म्हणजे तुम्ही त्या वाक्यावर रागावला नव्हतात. आणि मी तुम्हाला लिहिलं की एका वाक्यासाठी इतकं रागवायचं नसतं.

मला माफ करा. यापुढे काय लिहायचं ते मला कळत नाही. लेख काढून टाकला आहे, फोटोंसकट.

आकांक्षा


१४ सप्टेंबर

छायाताई,

तुमचं कार्ड आलं. पोस्टमनने ते आधी स्वतः वाचलं आणि मग मला दिलं. त्याला काही अर्थ लागला नाही म्हणाला. मला लागला.

'पान फाडायचं नसतं. शुद्धिपत्र लावायचं असतं. छाया.'

दोन ओळींचं कार्ड, पण मी ते दिवसभर टेबलाच्या काचेखाली ठेवून काम केलं. तुम्ही माफ केलं असं त्यात कुठेच लिहिलेलं नाही, तेवढं मला वाचता येतं. पण कामातली चूक तुम्ही दाखवलीत, म्हणजे मी अजून तुमच्या हाताखाली आहे, असं मी धरून चालले आहे. माझ्या आईला कार्ड दाखवलं. ती म्हणाली, रागावणारं माणूस परवडते, गप्प राह्यणारं नाई.

लेख मी परत लावला. लपवून टाकणं हाही एक खोडरबरच होता, हे तुम्ही सांगेपर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्याच्या माथ्यावर जे लिहिलं ते तुम्ही गिरडहून बघाल की नाही ठाऊक नाही, म्हणून इथे उतरवते:

'शुद्धिपत्र. खालच्या लेखात मी ज्याला घाण म्हटलं आहे, ती आमच्या वाचकांची स्वतःची नोंदवही होती. ज्यांना पुस्तकांची नावं लक्षात राहत नाहीत, ते पान एकवीसवर पेन्सिलीने आपली खूण करत. ही पद्धत माझ्याआधी एकतीस वर्षं काम केलेल्या ग्रंथपाल छायाताईंनी चालू दिली, सांभाळली आणि तिला पेन्सिल पुरवली. मी त्यांना न विचारता एक हजार एकशे चाळीस पुस्तकांतली ती नोंदवही पुसली. त्यातल्या काही खुणा करणारी माणसं आता हयात नाहीत, त्या परत येणार नाहीत. खालचा लेख तसाच ठेवला आहे, म्हणजे नव्या ग्रंथपालांना चूक कशी दिसते ते कळेल. ती नीटनेटकी दिसते.'

तुमच्या आईंचं नाव मी घातलं नाही. ते सांगायचं की नाही, हे तुमचं तुम्ही ठरवायचं. 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो मात्र काढून घेतले, तेवढी चोरी माफ करा.

पहिली प्रतिक्रिया अर्ध्या तासात आली, नंदुरबारच्या त्याच बाईंची. त्यांनी चारशे पुस्तकं साफ केली होती, आता थांबवते म्हणाल्या. त्यांच्याकडे खुणा पान अकरावर आहेत. मग जालन्याहून एकाने लिहिलं, आमच्याकडे शेवटच्या पानावर. एका निवृत्त ग्रंथपालांनी तर आपल्या वाचकांच्या सतरा खुणा काढून पाठवल्या. ताई, एवढे दिवस हे सगळे मला शाबासकी देत होते आणि मी त्यांना काहीच विचारलं नव्हतं. आता पहिल्यांदा आम्ही एकमेकांशी बोलतोय असं वाटलं.

नागपूरहून आयोजकांचा फोन आला. विषय बदलायचा आहे का, म्हणून. विषय तोच राहील, फक्त मी बाजू बदलली आहे असं सांगितलं. ते या म्हणाले. आपले अध्यक्ष मात्र नाराज आहेत. आपली चूक नागपूरपर्यंत कशाला नेता, असं त्यांचं म्हणणं आहे. कायम होण्याचं बघू म्हणाले, म्हणजे काय ते तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक.

तरी मला झोप चांगली लागते आहे.

तुमची
आकांक्षा


१ ऑक्टोबर, मंगळवार

छायाताई,

या पत्रासोबत एक पुस्तक येत आहे. आधी पत्र पूर्ण वाचा, मग पुस्तक उघडा. मला ठाऊक आहे तुम्ही ऐकणार नाही.

शनिवारी नागपूरला बोलले. पंधरा मिनिटं दिली होती, मी अकरातच संपवलं. शंभरेक तरुण ग्रंथपाल होते. रूपरावजींच्या शिंगावर सगळे हसले, आणि मी पेन्सिल काढून टाकली या वाक्याला कोणीच हसलं नाही. नंतर प्रश्न विचारायला एक म्हाताऱ्या बाई उठल्या. गडचिरोलीकडच्या होत्या, नाव विचारायचं राहून गेलं. त्यांनी एकच विचारलं, "सगळी पुस्तकं खोडलीस का? बांधणीला गेलेली होती काही?"

ताई, मी तिथेच माइकसमोर तोंडावर हात ठेवला.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, निवृत्त व्हायच्या चार दिवस आधी, तुम्ही अडतीस पुस्तकं वर्ध्याला कैलासभाऊंकडे बांधणीला पाठवली होती. नोंद तुमच्याच अक्षरात आहे. ती अजून आली नव्हती आणि मी त्यांच्या मागे लागले नव्हते. माझ्या आळसाचा इतका आनंद मला कधी झाला नाही. पण लगेच दुसरं आठवलं. बांधणी झाली की कैलासभाऊ पुस्तकाच्या कडा यंत्राखाली कापून सारख्या करतात. आणि आपला शिक्का पानाच्या अगदी खालच्या कडेला असतो.

शनिवारी रात्री मेघाकडे सिंदी मेघेला मुक्काम केला. तिने मला जेवायला घातलं आणि हळदीचं दूध दिलं. सकाळी आम्ही दोघी तिच्या स्कूटीवर वर्ध्याला कैलासभाऊंच्या दुकानी हजर. रविवार होता, तरी ते आत काम करत होते. इतके महिने उशीर झाला म्हणून मी भांडायला आले असं त्यांना वाटलं. आल्याआल्या दिवाळीच्या कामाची कारणं सांगायला लागले. मी म्हटलं, भाऊ, किती कापून झाली?

"सत्तावीस झाली," ते म्हणाले. "अकरा राह्यली. परवा कापून ठेवतो, मंग घेऊन जाजो."

सत्तावीस पुस्तकं आम्ही तिथेच जमिनीवर बसून पाहिली. बहुतेकांत शिक्का अर्धा कापला गेला होता आणि खुणांचे वरचे तुकडे उरले होते. शिंगाची टोकं होती. शकुबाईंच्या गोलाचा वरचा भाग होता. रोप त्यात असेलही, पण कळण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मग न कापलेली अकरा. मेघा एक उघडायची, मी दुसरं. नववं मी उघडलं. दाखल क्रमांक ४११७, ते जाडं प्रवासवर्णन, ज्याचा कणा सुटला होता.

मी पुढे काही सांगत नाही. तुम्ही बघा.

कैलासभाऊ मागे उभे होते. हे काय आहे विचारलं, मी सांगितलं. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, तिथेच बसून कणा शिवला, कापड लावलं आणि कडा कापल्या नाहीत. आता ते आपल्या कपाटातलं सगळ्यांत गबाळं पुस्तक आहे, तिन्ही बाजूंनी पानं खालीवर. उरलेली दहाही ते तशीच शिवून देणार आहेत.

हे पुस्तक मी तुम्हाला भेट देऊ शकत नाही, ते वाचनालयाचं आहे आणि हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हणून रीतसर दिलं आहे. त्यासाठी मी सभासदांची वही पाहिली तर तुमचं नावच सापडेना. एकतीस वर्षं तुम्ही लोकांना सभासद केलंत आणि स्वतः झालाच नाहीत. काल तुमचं कार्ड काढलं, क्रमांक दोन हजार चौसष्ट. ओळख देणाऱ्याच्या जागी रूपरावजींनी सही केली आणि म्हणाले, "तिले सांगजो, उशीर झाला तं दंड लागन."

मुदत पंधरा दिवस. सोळा तारखेपर्यंत परत यायला हवं.

तुमची
आकांक्षा


१७ ऑक्टोबर

छायाताई,

काल सोळा तारखेला, दुपारी साडेतीनला, पुस्तक परत आलं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी. तुम्ही ते दोन दिवस आधी टाकलंत हे पोस्टाच्या शिक्क्यावरून कळलं, म्हणजे पोस्टाला किती वेळ लागतो याचा हिशेबही तुम्ही केला होता. जुन्या वर्तमानपत्रात बांधलेलं, सुतळीला तुमची ती दुहेरी गाठ. आत पत्र नव्हतं. मी कागद उलटसुलट केला, पुस्तक झटकलं. काहीच नाही.

मला खूप वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मनात म्हटलं, ताईंनी पुस्तक पाहिलं, नियमाने परत केलं, संपलं. मी परतीची नोंद केली, तुमच्या कार्डावर सही केली, आणि आलेलं पुस्तक तपासायची तुम्ही लावलेली सवय म्हणून पान एकवीस उघडलं.

शिक्क्याच्या उजव्या अंगाला आनंदाबाईंचं रोप होतं. एक रेघ, दोन पानं, पेन्सिल जरा फिकी झालेली. आणि त्याला लागून दुसरं, ताज्या पेन्सिलीचं. त्याला तीन पानं होती.

ताई, एकतीस वर्षांत तुम्ही वाचनालयाच्या एकाही पुस्तकावर रेघ ओढली नव्हती. मी चुकून एकदा पेनाने दाखल क्रमांक गिरवला होता तेव्हा तुम्ही मला किती बोलला होतात.

मी बराच वेळ ते पान उघडं ठेवून बसले. रडले, आणि मग हसायलाही आलं, कारण तिसरं पान तुम्ही जरा वाकडं काढलंय. कॉम्प्युटर समोर चालू होता, मोबाइल हातात होता. या आठवड्याचा लेख लिहायचा आहे, आणि याहून चांगला फोटो मला जन्मात मिळणार नाही. मी फोटो काढला नाही. लेख मी कैलासभाऊंवर लिहिणार आहे, बांधणीला पुस्तकं देताना कडा कापू नका असं आधी सांगा, म्हणून. ते नव्या लोकांच्या जास्त कामाचं आहे.

अध्यक्षांनी काल बोलावलं होतं. नागपूरच्या आयोजकांचं पत्र आलंय, चांगलं आहे म्हणे. तरी कायम होण्याचं अजून बघूच म्हणाले. बघू देत. मी इथेच आहे.

पाचला रूपरावजी आले. टेबलावरचं ते गबाळं पुस्तक त्यांना आवडलं, उचललं, आणि नेहमीप्रमाणे पहिल्यांदा एकविसावं पान काढलं. शिंग नव्हतं, म्हणजे न वाचलेलं. ते पुस्तक पुढे करणार होते, पण थांबले. पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं.

"हे तं आनंदाबाईचं," ते म्हणाले. "अन् हे तीन पानाचं कोनाचं वं?"

"नवीन वाचक आहे," मी म्हटलं. "गिरडची."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पानाकडे. पुस्तक मिटून त्यांनी ते माझ्याकडे सरकवलं.

"मंग मी हे मंगळवारी नेतो," ते म्हणाले. "तिले आधी इथं येऊन पाहू दे."

पुढचा मंगळवार बावीस तारखेला आहे, पहिला किंवा तिसरा नसला तरी चालेल. रूपरावजींना सोबत धरून तीन चहा मागवते.

तुमची
आकांक्षा